महापालिकेतले प्रस्ताव आणि ठराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. कुठे दोन, कुठे चार, कुठे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती असलेली शहरं पुन्हा नगरसेवकांकडे आली. सभागृहं भरू लागली, तसे सोसायट्यांच्या ग्रुपवर जुने प्रश्नही परत आले. "आपल्या रस्त्याचा ठराव झाला म्हणे", "करवाढ फेटाळली का?", "हरकत घेऊन उपयोग असतो का?" नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत. मुंबईचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र कायद्यावर चालतो. बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडे पुण्याबाहेरही उपयोगी पडतील.

प्रस्ताव आणि ठराव यांत फरक काय?

सभेपुढे मंजुरीसाठी येतो तो प्रस्ताव. सूचक-अनुमोदक मिळून, चर्चा होऊन (किंवा न होऊन) सभेने मान्य केला की त्याला क्रमांक पडतो आणि तो ठराव होतो. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. "प्रस्ताव आला" वाचून पेढे वाटू नका आणि मोर्चाही काढू नका.

प्रस्ताव आणतं कोण? नगरसेवक की अधिकारी?

दोघंही. पण पैसा, करार, निविदा, जागांचं आरक्षण, कर यांचे विषय बहुतांशी प्रशासनाकडून येतात. खात्याची टिप्पणी तयार होते, ती अतिरिक्त आयुक्त आणि आयुक्तांच्या सहीने नगरसचिवांकडे जाते. नगरसेवकांचे प्रस्ताव बरेचदा नामकरणाचे, नवी योजना सुरू करण्याचे किंवा धोरण ठरवण्याचे असतात. त्यांवर "प्रशासनाचा अभिप्राय मागवावा" असा शेरा पडला की तो अभिप्राय यायला किती महिने लागतील, हे त्या नगरसेवकाच्या पाठपुराव्यावर अवलंबून. अभिप्रायाअभावी विषय पडून राहणं ही नकार देण्याची सर्वांत सभ्य पद्धत आहे.

प्रस्तावाचा प्रवास कसा होतो?

छोटा विषय असेल तर प्रभाग समितीतच संपतो. इतर विषय आधी संबंधित विषय समितीकडे जातात: शहर सुधारणा, विधी, महिला व बालकल्याण, क्रीडा वगैरे. खर्चाचा विषय असेल तर स्थायी समिती. त्यानंतर ज्याला सगळ्या नगरसेवकांच्या सभेची मंजुरी लागते तो मुख्य सभेपुढे. पुण्यात हिला मुख्य सभा म्हणतात, नाशिक-ठाण्यात महासभा, मुंबईत नुसतं सभागृह.

स्थायी समितीत सोळा सदस्य असतात आणि त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात. मुंबईत संख्या वेगळी आहे. मुख्य सभा महिन्यातून किमान एकदा भरते, स्थायी आठवड्याला बसते आणि निविदा तिच्यापुढे येतात. म्हणून शहरात काय घडतंय हे कळायला मुख्य सभेतल्या भाषणांपेक्षा स्थायीची विषयपत्रिका जास्त बोलकी. भाषणं आणि राजदंड पळवण्याचे प्रसंग टीव्हीवर येतात, टेंडरं सोळा जणांच्या खोलीत मंजूर होतात.

विषयपत्रिका वाचायची कशी? ती मुद्दाम न समजणाऱ्या भाषेत लिहितात का?

मुद्दाम असो वा सवयीने, ती समजत नाही हे खरं. एका ओळीत विषय असतो: अमुक प्रभागातील तमुक काम, अमुक अंदाजपत्रकी तरतुदीतून, कलम अमुकनुसार, मान्यता मिळणेबाबत. "मिळणेबाबत" आणि "करणेकामी" हे शब्द आधी गाळून टाका. उरलेल्या ओळीत तीन गोष्टी शोधा: रक्कम, मुदत आणि कलम.

कलमाकडे बहुतेक जण बघत नाहीत आणि खरी गंमत तिथेच असते. ६७(३) दिसलं, तर आयुक्तांनी तातडीची बाब म्हणून काम आधीच सुरू केलेलं असू शकतं आणि सभेला ते फक्त कळवलं जातंय. पूर, साथ, कोसळलेली भिंत असेल तर ते योग्यच आहे. उद्यानातल्या बाकांसाठी असेल तर प्रश्न विचारा. "कार्योत्तर मान्यता" हा शब्द दिसला तर काम होऊन गेलंय, बिल यायचंय, असा अर्थ घ्या.

विषयासोबतचं डॉकेट, म्हणजे टिप्पणी आणि जोडपत्रं, हाती लागलं तर शेवटून वाचायला सुरुवात करा. पहिल्या पानावर शहराच्या विकासाची गरज सांगितलेली असते. दर, अटी, देखभालीची वर्षं आणि एकच निविदा आली होती की तीन, हे मागच्या पानांत असतं. मुख्य लेखापालांचा शेराही तिथेच. "तरतूद उपलब्ध नाही, वर्गीकरणाने उपलब्ध करून द्यावी लागेल" असं लेखापालांनी लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

हे वर्गीकरण म्हणजे काय?

अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे काढून दुसऱ्या कामाला देणं. पुण्यात पूर्वीच्या स्थायी समित्यांच्या पत्रिकेत वर्गीकरणाचे विषय आठवड्यामागून आठवडे यायचे. कायद्यात याला जागा आहे आणि थोडीफार लवचिकता लागतेच, भूसंपादन अडलं तर ते पैसे वर्षभर नुसते पडून कशाला राहायचे? पण व्हायचं असं की मार्चमध्ये सांडपाण्याच्या वाहिनीसाठी टाळ्यांच्या गजरात मंजूर झालेली रक्कम दिवाळीनंतर तुकड्या-तुकड्याने पदपथ, कमानी, नामफलक आणि बाकांकडे निघून जायची. पुढच्या मार्चमध्ये त्याच वाहिनीसाठी पुन्हा टाळ्या.

पुण्यातल्या लोकांनी आणखी एक शब्द ऐकलेला असतो, "स यादी". ही नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या छोट्या कामांची यादी. अंदाजपत्रकाच्या भाषणात तिचा उल्लेख नसतो, पण गल्लीतली फरशी वर्षाआड का बदलते याचं उत्तर बरेचदा तिच्यात सापडतं.

माझं मत विचाराल तर मार्चचं अंदाजपत्रक वाचण्यापेक्षा सप्टेंबर ते फेब्रुवारीतले वर्गीकरणाचे विषय वाचावेत. आधीचं म्हणजे सांगितलेला बेत, नंतरचं म्हणजे केलेला.

"आयत्या वेळचे विषय" हा प्रकार कायदेशीर आहे का?

निकडीच्या बाबींसाठी तरतूद आहे. पण साधारण सभेची नोटीस काही दिवस आधी निघते ती विषय सर्वांना वाचायला मिळावा म्हणून. आयत्या वेळी आलेला विषय नगरसेवकांनीच वाचलेला नसतो, तुमची काय कथा. अशा वेळी सभागृहात "मंजूर, मंजूर" हा गजर फार जोरात ऐकू येतो.

तहकूब, दप्तरी दाखल, फेरविचार: या शब्दांचा व्यवहारात अर्थ काय?

तहकूब म्हणजे पुढे ढकललं. श्रद्धांजलीसाठी सभा तहकूब होते, तशीच कोरमअभावी होते, आणि सत्ताधाऱ्यांचं आपसात जमलं नाही म्हणूनही होते.

दप्तरी दाखल म्हणजे प्रस्ताव फेटाळला असं न म्हणता कपाटात ठेवला. आयुक्तांनी सुचवलेल्या करवाढीचं अनेक शहरांत असंच होतं. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, त्यामुळे हे नाटक दर वर्षी त्याच सुमाराला रंगतं. आयुक्त वाढ सुचवतात, पक्ष ती फेटाळतात, दोघांचंही काम होतं.

फेरविचार म्हणजे झालेला ठराव बदलण्याचा प्रस्ताव. तीन महिन्यांच्या आत ठराव बदलायचा असेल तर हजर सदस्यांच्या साध्या बहुमतावर भागत नाही.

ठराव झाला म्हणजे काम होणार, सवलत मिळणार, हे पक्कं ना?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाबाबत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही ठराव महापालिकेच्या हद्दीतच पूर्ण होतात: रस्त्याचं नाव, निविदा, स्थानिक कामं. काही ठराव म्हणजे राज्य सरकारला केलेली शिफारस असते, उदाहरणार्थ विकास आराखड्यातलं आरक्षण बदलणं. तिसरा गट असा, की ठराव महापालिकेचा आणि अंमलही सुरू, पण सरकार तो नंतर रद्द करू शकतं. कलम ४५१ नुसार ठराव कायद्याशी विसंगत, अधिकाराबाहेरचा किंवा महापालिकेच्या आर्थिक हिताविरुद्ध आहे असं शासनाला वाटलं, तर तो आधी निलंबित आणि मग विखंडित करता येतो. बरेचदा आयुक्तच तसा प्रस्ताव शासनाकडे धाडतात. सभागृहाने एकमुखाने केलेल्या ठरावाचं मंत्रालयात काय झालं, हे कित्येक नगरसेवकांना वर्तमानपत्रातून कळतं.

पुण्याची ४० टक्के सवलत हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. घरमालक स्वतः राहत असेल तर मिळकतकराच्या वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत, असा ठराव पुणे महापालिकेने १९७० साली केला. शिवाय देखभाल-दुरुस्तीसाठी कायद्याप्रमाणे १० टक्के वजावट द्यायची, ती पुण्यात १५ टक्के दिली जायची. दोन पिढ्यांनी ही सवलत घेतली. घर घेताना कुणी विचारही केला नाही की हिच्यामागे फक्त एक ठराव उभा आहे, कायद्यातली तरतूद नाही.

मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि २०१९ मध्ये शासनाने तो जुना ठराव विखंडित केला. नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेना. ज्यांच्या घरी पाहणीत भाडेकरू सापडले त्यांची सवलत काढली गेली आणि फरकाची बिलं आली. एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्याला सवलत आणि चौथ्या मजल्याला नाही, असंही दिसू लागलं. चौथ्या मजल्यावरचे काका क्षेत्रीय कार्यालयात विचारायला गेले तर तिथला कर्मचारी तरी काय सांगणार? ठरावच उरला नव्हता.

शहरभर ओरड झाली, सर्व पक्षांनी आंदोलनं केली आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू केली. देखभालीची वजावट मात्र १५ वरून १० टक्क्यांवर आली. ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून, स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून ती परत मागावी लागली. अर्जासाठी रांगा लागल्या आणि महापालिकेला मुदतही वाढवावी लागली.

या साऱ्या प्रकरणात मुख्य सभा कुठे होती? १९७० ला तिने ठराव केला. सवलत काढून घेतली सरकारने, परत दिली सरकारनेच. म्हणून कुठल्याही ठरावाची बातमी वाचली की एवढंच विचारा: पुढची सही कुणाची? आयुक्तांची असेल तर काम महिन्यांत मोजा. नगरविकास खात्याची असेल तर वर्षांत.

मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या करमाफीचंही असंच झालं. महापालिकेने ठराव २०१७ मध्ये केला, पण पूर्ण मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला तो २०२२ च्या जानेवारीत.

महापालिका स्वतः कायदा करू शकते का?

कायदा नाही, उपविधी (म्हणजे शहरापुरते नियम) करता येतात, कलम ४५८ खाली. कचरा वर्गीकरण, बाजार, पाण्याची जोडणी असे विषय त्यात येतात. मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि राज्य सरकारने मंजुरी दिल्याशिवाय उपविधी लागू होत नाहीत. अध्यादेश काढणं मात्र महापालिकेच्या हातात नाही, तो राज्यपालांचा अधिकार.

शहराचं नाव बदलणं, गावं हद्दीत घेणं हे महासभा ठरवते ना?

चौकाचं नाव ठरवते. शहराचं नाही. औरंगाबादचं नाव बदलण्याचा ठराव तिथल्या महापालिकेने जून १९९५ मध्ये केला. त्यानंतर शासनाची अधिसूचना, न्यायालयीन लढाई, पुढच्या सरकारची माघार आणि २०२२ मधले नवे निर्णय, असं सगळं होऊन केंद्राची मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ ला.

हद्दीचंही तेच. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेसाठी बाहेर पडली. महापालिकेचा अभिप्राय घेतला जातो, निर्णय शासनाचा. रस्ते, पाणी, ड्रेनेज पुरवण्याची जबाबदारी मात्र महापालिकेची.

आमच्या नगरसेविका ताई बैठकीत आमच्या बाजूने बोलल्या आणि सभेत विरोधात हात वर केला. हे कसं?

पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, असेल तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार तो मोडणाऱ्याचं पद जाऊ शकतं. त्यामुळे ताईंशी भांडण्याआधी त्यांच्या गटनेत्याला गाठा. तेही सभेच्या आदल्या आठवड्यात. सभेच्या दिवशी सकाळी निवेदन देणाऱ्यांचा फोटो चांगला येतो, एवढंच.

प्रशासकांच्या काळात झालेल्या ठरावांचं काय? ते वैध आहेत का?

आहेत. त्या काळात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून तो स्वतःच मंजूर करायचा. मुंबईत ८ मार्च २०२२ पासून आणि पुण्यात त्याच्या आठवडाभरानंतर हे सुरू झालं. कामं पटापट झाली असं म्हणणारे भेटतात आणि त्यात तथ्यही आहे. पण विरोधात बोललेलं एक वाक्य इतिवृत्तात नाही, आणि वीस वर्षांचा एखादा करार वाचताना ते फार जाणवतं. नवी सभागृहं असे निर्णय फेरविचारासाठी आणू शकतात. मात्र करार झाले असतील, कामाचे आदेश निघाले असतील तर नुसत्या ठरावाने ते मोडत नाहीत.

हरकती-सूचना मागवतात, त्याने खरंच काही होतं का?

कधी होतं, कधी नाही, आणि दोन्हींची मोठी उदाहरणं मुंबईतच आहेत.

२०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवलेले, वारसा वास्तू गायब, नकाशात चुकाच चुका. लोकांनी आपापल्या वॉर्डाचा नकाशा उघडून एकेक चूक दाखवायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा रद्द करून नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ ला आला, शासनाची मंजुरी २०१८ ला.

दुसरीकडे आरे. मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांच्या प्रस्तावाला हजारो हरकती आल्या. तरी वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ ला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर बहुतेक झाडं पडली होती.

दोन प्रकरणांची तुलना अगदी सरळ करता येणार नाही. तरी एक फरक दिसतो. आराखड्याच्या वेळी लोक "ही चूक, या नकाशात, या जागी" असं दाखवत होते आणि ते खोडून काढणं प्रशासनाला अवघड होतं. हजारो हरकतींचा मजकूर एकच असला की त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर देऊन मोकळं होता येतं.

मग हरकत लिहायची कशी?

आधी मुदत बघा. आराखडा किंवा आरक्षण बदलाला साधारण महिना मिळतो, झाडांच्या नोटिशीला अवघे सात दिवस. या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, "जाहीर प्रकटन" या मथळ्याखाली, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी बारीक टायपात असतात. सोसायटीत कुणा एकाने रोज ते पान पाहायचं ठरवलं तर बरं.

हरकतीत नोटिशीचा क्रमांक आणि दिनांक, सर्व्हे नंबर किंवा आरक्षणाचा क्रमांक, तुमचा संबंध काय (रहिवासी, दुकानदार, शेजारचे जमीनमालक), नेमका आक्षेप आणि पर्याय एवढं हवं. एक आक्षेप, एक परिच्छेद. "हे अन्यायकारक आहे" यापेक्षा "प्रस्तावित ९ मीटर रस्ता सध्याच्या शाळेच्या भिंतीतून जातो, सोबत फोटो" हे परिणामकारक. "मला सुनावणीस बोलवावे" ही ओळ विसरू नका. सुनावणीत वेळ थोडा असतो, समोरचे अधिकारी दिवसभर ऐकून थकलेले असतात, त्यामुळे कागद पुढे ठेवून दोन मुद्दे बोला. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ईमेल केलात तरी एक प्रत हाती द्या.

नागरिक म्हणून मी प्रस्ताव मांडू शकतो का?

थेट सभेपुढे नाही, नगरसेवकामार्फत. पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत २००६ च्या सुमारास सुरू झाली, तिच्यात पाच लाखांपर्यंतची कामं सुचवता येतात. दिवे, पदपथ, बसथांबा यांसाठी ठीक आहे. कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेचीही तरतूद आहे: प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून कामं ठरवायची. तुमच्या भागात ती शेवटची कधी भरली, हे नव्या नगरसेवकांना विचारून बघा. चेहरा पाहण्यासारखा होतो.

आम्ही नगरपरिषदेत राहतो. हे सगळं आम्हालाही लागू आहे का?

ढाचा तोच, कायदा वेगळा: १९६५ चा. तिथे कलम ३०८ खाली ठराव थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. गावाकडून शहरात आलेल्यांना ग्रामसभेची सवय असते, तिथे कुणीही मतदार उभा राहून विचारू शकतो. शहरात तशी जागा नाही, प्रेक्षक कक्षात बसून ऐकता येतं, बोलता येत नाही.

जुना ठराव शोधायचा असेल तर?

ठराव क्रमांक आणि तारीख माहीत असेल तर नगरसचिव कार्यालयात अर्ज करून प्रत मिळते. माहीत नसेल तर खात्याच्या मूळ फाइलवरून शोधावं लागतं. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिका कार्यालयात जाऊन अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. प्रत हवी असेल किंवा कुणी दाद देत नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. मागताना नुसता ठराव मागू नका. विषयपत्र, प्रशासनाचा अभिप्राय, कायम झालेलं इतिवृत्त आणि शासनाकडे त्याबाबत झालेला पत्रव्यवहार, हे चारही एकाच अर्जात मागा. सभेत बोललेली उपसूचना (प्रस्तावात सुचवलेला बदल) आणि इतिवृत्तात छापलेली उपसूचना जुळते का, तेही मग लगेच कळतं.